खालाजान आणि ‘स्टेरॉइड’ची गोळी

शाबानचा महिना होता. शाळा सुटल्यावर आम्ही खालाजानकडे डोकावलो. त्या लसूण सोलत बसल्या होत्या. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या आणि मग मान वर न करताच म्हणाल्या, "बेटा, वो कॅन्सर की गोली मैंने छोड दी. दो महिने हो गये." एवढे बोलून पुन्हा लसूण सोलू लागल्या.

खालाजानचे वय त्रेसष्ट. चार वर्षांपूर्वी आंघोळ करताना छातीत गाठ हाताला लागली. ती त्यांनी पाच महिने कुणालाच सांगितली नाही, अगदी सख्ख्या लेकीलाही नाही. दुखत नव्हती, म्हणून. आणि लाज वाटत होती, म्हणून. मग एकदा महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई गाठली. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, केस गेले आणि पुन्हा आले. त्यानंतर टॅमॉक्सिफेन नावाची गोळी अडीच वर्षे घेतली. मग डॉक्टरांनी ती बदलून एक्झेमेस्टेन नावाची २५ मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. रोज एक, जेवणानंतर, आणखी अडीच वर्षे. म्हणजे एकूण पाच वर्षांचा हिशेब. तो पुरा व्हायला अजून दीड वर्ष होते आणि खालाजाननी मध्येच गोळी सोडली.

का सोडली, ते विचारल्यावर त्यांनी नातवाचे नाव घेतले. पोरगा विशीतला, जिमला जाणारा, नानीवर जीव टाकणारा. गोळीच्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद त्याने वाचला. त्यात ‘स्टेरॉइडल’ हा शब्द त्याला दिसला. मोबाइलवर औषधाचे नाव टाकून पाहिले, तर शरीरसौष्ठववाल्या पोरांच्या गप्पांत तेच नाव. तो धावत आला. "नानी, हे तर स्टेरॉइड आहे! जिममधली पोरं इंजेक्शनच्या जोडीला घेतात. हाडं पोकळ होतात यानं." खालाजानची बोटे नि गुडघे त्या दिवसांत खरोखरच दुखत होते. त्यांनी पाकीट उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिले.

आम्हालाही इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. गोळी नवी सुरू झाली तेव्हा तो कागद आम्हीही पाहिला होता. तो शब्द आमच्याही डोळ्यांना खटकला होता. पण डॉक्टरांना विचारायचे राहून गेले. बी.एड. झालेल्या माणसाची ही तऱ्हा, तर विशीतल्या पोराला काय बोल लावायचा?

कोल्हापुरात स्टेरॉइड हा शब्द फार बदनाम आहे आणि त्याला कारणही आहे. हे तालमींचे गाव. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागचे मैदान उभे केले, तेव्हापासून दूध, तूप, बदाम आणि मेहनत यांवर कमावलेले शरीर हीच इथली शान. त्या गावात सहा महिन्यांत दंड फुगवणारी इंजेक्शने आली, तेव्हा जुन्या वस्तादांनी त्या शब्दाला शिवीसारखे वापरले तर नवल नाही. दुसरीकडे दम्याच्या, सांधेदुखीच्या रोग्यांनाही डॉक्टर कधीकधी ‘स्टेरॉइड’ देतात. त्याने चेहरा सुजतो, साखर वाढते, हेही घरोघरी माहीत. पण गंमत अशी की ही दोन्ही औषधे एकमेकांहून अगदी वेगळी आहेत, आणि खालाजानची गोळी या दोन्हींहून वेगळी आहे.

मग नाव एक कसे? वर्गात आम्ही हे आडनावाचे उदाहरण देऊन सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात मुल्लाणी किती, बागवान किती, तांबोळी किती. आडनाव एक म्हणून सगळे एका घरचे होत नाहीत आणि एका स्वभावाचे तर नाहीतच. स्टेरॉइड हे असेच रसायनशास्त्रातले आडनाव आहे. कार्बनच्या चार कड्या एकमेकींना चिकटलेल्या, तीन सहा कोनांच्या आणि एक पाच कोनाची, असा सांगाडा ज्याचा, तो स्टेरॉइड. आपल्या रक्तातले कोलेस्टेरॉल त्याच घराण्यातले. पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन त्यातले, बायकांचे इस्ट्रोजेन त्यातले आणि दम्याला देतात ते औषधही त्यातले. म्हणजे स्टेरॉइड आपल्या प्रत्येकाच्या अंगात जन्मापासून आहेच. शब्दाला भिऊन पळायचे तर स्वतःच्या रक्तापासून पळावे लागेल.

आता ही गोळी करते काय, ते पाहू. छातीच्या कॅन्सरचे अनेक प्रकार आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक गाठींना वाढण्यासाठी इस्ट्रोजेन लागते. गाठीचा तुकडा तपासायला पाठवतात तेव्हा अहवालात ‘ईआर’ आणि ‘पीआर’ ही दोन अक्षरी नावे येतात. त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह लिहिलेले असेल तर ती गाठ संप्रेरकावर पोसणारी. तिचा खुराक तोडला की तिची वाढ थांबते. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी तो अहवाल काढून ही दोन नावे जरूर पाहावीत, कारण पुढचे सगळे उपचार त्यावर ठरतात. दोन्ही निगेटिव्ह असतील तर या गोळीचा उपयोग नाही.

पाळी बंद झाल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवणे थांबवतात. मग बाईच्या अंगात ते येते कुठून? मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी पुरुषी जातीची संप्रेरके थोडी थोडी सोडत असतात. आपल्या चरबीत, स्नायूंत, कातडीत आणि कधी त्या गाठीतही एक विकर असते, ते या पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेन करून टाकते. त्या विकराचे नाव अ‍ॅरोमाटेज. नाव ऐकून अत्तराच्या दुकानाची आठवण होते, पण त्याला वास वगैरे काही नाही. सांगाड्याची एक कडी ज्या रूपात बदलते त्याला रसायनशास्त्रज्ञ ‘अ‍ॅरोमॅटिक’ म्हणतात, म्हणून हे नाव. चरबी जास्त तर हे कारखाने जास्त, म्हणून पाळी गेल्यावर वाढलेले वजन या आजाराला पोषक ठरते.

अ‍ॅरोमाटेज हे कुलूप समजा. पुरुषी संप्रेरक ही त्याची चावी. चावी आत जाते, फिरते, इस्ट्रोजेन तयार होते, चावीची जागा मोकळी होते आणि पुढची चावी येते. एक्झेमेस्टेन हुबेहूब त्या चावीसारखे घडवलेले आहे. तसे दिसण्यासाठीच त्याचा सांगाडा स्टेरॉइडचा ठेवावा लागला. कुलूप त्याला आपली चावी समजून आत घेते आणि ही चावी आतच मोडून बसते. ते कुलूप कायमचे निकामी. आहे तो सगळा ‘स्टेरॉइड’पणा एवढ्यासाठीच. शरीर रोज नवी कुलपे बनवत असते, म्हणून चावीही रोज लागते. या गोळीने अ‍ॅरोमाटेजचे काम सुमारे ९८ टक्के बंद पडते, असे मोजून पाहिले आहे.

याच कामासाठी लेट्रोझोल आणि अ‍ॅनास्ट्रोझोल या दोन गोळ्याही आहेत आणि आपल्याकडे पुष्कळ बायकांना त्याच लिहून देतात. त्यांचा सांगाडा स्टेरॉइडचा नाही. त्या कुलपाचे भोक अडवून बसतात, कुलूप मोडत नाहीत. कुणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतात. शेजारणीची गोळी वेगळी आणि माझी वेगळी, म्हणजे माझी वाईट, असे नसते. एक लागू पडेनाशी झाली तर दुसरी लागू पडते, असेही घडते.

नातवाचे म्हणणे मात्र अगदीच खोटे नव्हते. जिममधली काही पोरे ही गोळी खरोखर घेतात. दंड फुगवण्यासाठी बाहेरून पुरुषी संप्रेरक टोचले की शरीरातले हेच अ‍ॅरोमाटेज त्यातल्या काहीचे इस्ट्रोजेन करते आणि पोराची छाती बाईसारखी वाढू लागते. ते लपवायला कॅन्सरच्या बायकांची गोळी खायची! जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंना ही सगळी औषधे घालायला बंदी केली आहे. म्हणजे ही गोळी त्या इंजेक्शनांची बहीण नसून त्यांनी केलेली घाण निस्तरायला लावलेली मोलकरीण. नातवाला आम्ही हे समजावले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

या औषधाच्या मागे केवढी वाट चाललेली आहे ते वाचले की मन भरून येते. आमचा जिल्हा गाईम्हशींचा, म्हणून पहिली गोष्ट आमच्या वाचकांना आवडेल. स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे शल्यचिकित्सक होते. दूध कसे येते आणि कसे आटते यावर त्यांनी तरुणपणी प्रबंध लिहिला होता. काही देशांत गाय व्यायल्यावर तिचे अंडाशय काढतात, म्हणजे ती दूध देत राहते, हे त्यांना त्यातून कळले होते. अंडाशयाचा आणि छातीचा काही संबंध आहे, एवढे त्यांनी हेरले. इस्ट्रोजेन हा शब्दही तेव्हा जन्मला नव्हता. १८९५ साली ३३ वर्षांच्या एका बाईचा कॅन्सर शस्त्रक्रियेनंतर उलटला होता. बीटसननी तिचे अंडाशय काढले. गाठी विरल्या. ती आणखी सुमारे चार वर्षे जगली. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स हगिन्स यांनी मूत्रपिंडावरच्या त्या दोन्ही ग्रंथीच काढून टाकायला सुरुवात केली. काही बायकांना गुण यायचा, पण त्या ग्रंथींवाचून जगण्यासाठी आयुष्यभर औषधे घ्यावी लागत.

ग्रंथी कापण्यापेक्षा ते एक विकरच बंद करता आले तर? हा प्रश्न धरून बसली ती अँजेला ब्रोडी. इंग्लंडमध्ये १९३४ साली जन्मलेली, मँचेस्टरला शिकलेली आणि अमेरिकेत संशोधन करणारी. पती हॅरी ब्रोडी रसायनशास्त्रज्ञ. १९७० च्या दशकात दोघांनी मिळून अशी खोटी चावी घडवली. औषध कंपन्यांना तेव्हा त्यात फारसा रस नव्हता. अखेर लंडनच्या रॉयल मार्सडेन रुग्णालयातल्या चार्ल्स कूम्ब्स यांनी ती अकरा रुग्णांना दिली. आजार पसरलेल्या त्या अकरा जणींपैकी चौघींना गुण आला. १९८४ साली ते प्रसिद्ध झाले. त्या औषधाचे नाव फॉर्मेस्टेन. दर पंधरा दिवसांनी स्नायूत टोचावे लागे आणि टोचलेली जागा दुखे, म्हणून ते मागे पडले. तोंडाने घ्यायची गोळी इटलीत तयार झाली, ती एक्झेमेस्टेन. अमेरिकेत तिला १९९९ साली परवानगी मिळाली. अँजेला ब्रोडी २०१७ साली वारल्या. शाळेत आम्ही मुलींना मादाम क्युरीबद्दल सांगतो, त्याच्या जोडीने आता यांचेही नाव घेतो.

खालाजानना जो क्रम दिला, तो कुणा डॉक्टरच्या मनातला नाही. ३७ देशांतल्या ४,७४२ बायकांवर त्याची परीक्षा झाली. दोन-तीन वर्षे टॅमॉक्सिफेन घेतल्यावर अर्ध्या जणींनी तेच चालू ठेवले, अर्ध्या जणींना एक्झेमेस्टेन दिले. तीन वर्षांनी पाहिले, तर एक्झेमेस्टेनवाल्यांत शंभरातल्या ९१ ते ९२ जणी आजार न उलटता होत्या, टॅमॉक्सिफेनवाल्यांत सुमारे ८७. २००४ साली हे छापून आले. कुणी म्हणेल, चार-पाचांचाच फरक. पण भारतात आता बायकांच्या कॅन्सरमध्ये हाच पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण. त्या चार-पाचांत कुणाची खाला आहे, कुणाची अम्मी आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. ज्यांची पाळी अजून चालू आहे त्यांना नुसती ही गोळी चालत नाही. त्यांचे अंडाशय तिला दाद देत नाहीत. आधी इंजेक्शनाने अंडाशय झोपवावे लागतात. म्हणून थोरल्या जावेला लिहिलेली गोळी धाकटीने घेऊ नये. आपल्या घरांत औषधांची अशी देवाणघेवाण फार चालते.

आता दुखण्याचे. ते खरे असते, मनाचे खेळ नसतात. सकाळी उठताना बोटे आखडतात, गुडघे धरतात, अंगातून वाफा निघतात, थकवा येतो. इस्ट्रोजेन हाडांचे रक्षण करते, ते कमी झाले की हाडे ठिसूळ होऊ लागतात. पोराने हाडांबद्दल जे वाचले ते चूक नव्हते, त्यावरचा इलाज त्याने वाचला नव्हता. टॅमॉक्सिफेन पाळी गेलेल्या बाईच्या हाडांना सांभाळून घेते, म्हणून खालाजानना पहिली अडीच वर्षे हा त्रास जाणवला नव्हता आणि गोळी बदलताच जाणवला. यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करतात, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देतात, गरज पडली तर हाडांचे वेगळे औषध देतात. आमच्यासारख्या ज्या दिवसभर घरात नाहीतर वर्गात असतात आणि बाहेर निघताना अंग झाकून निघतात, त्यांच्या अंगाला ऊन कमीच लागते. ड जीवनसत्त्व तपासून घ्यायला आम्ही स्वतः यंदा गेलो आणि अहवाल पाहून खजील झालो. चालण्याने, व्यायामाने हे सांधे मोकळे होतात असे अभ्यासांत दिसले आहे.

खालाजाननी मात्र गुडघ्यांसाठी दुसराच रस्ता धरला होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्या सांधेदुखीच्या पुड्या घेत होत्या. नाव नाही, गाव नाही, कागदात बांधलेली पूड. चार दिवसांत दुखणे गायब! भूक वाढली, चेहरा भरला. घरचे म्हणाले, तब्येत सुधारली. आम्ही त्यांना हट्टाने डॉक्टरबाईंकडे नेले, तेव्हा त्यांनी आधी तो भरलेला चेहरा पाहिला, मग साखर तपासली. कधी नव्हती ती वाढलेली. म्हणाल्या, "या पुडीत काय आहे ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. पण मला संशय आहे." अशा पुड्यांत दम्याच्या जातीचे स्टेरॉइड गुपचूप मिसळल्याचे प्रकार आपल्या देशात वारंवार उघडकीस आले आहेत. ते दुखणे पळवते खरे, पण हाडेही पोखरते, साखरही चढवते. म्हणजे शब्दाला भिऊन खालाजाननी गोळी टाकली आणि ज्याची भीती होती तेच बहुधा पुडीतून खाल्ले. डॉक्टरबाईंनी पुडीही एकदम बंद करू दिली नाही. असे औषध अचानक सोडले तर शरीर कोलमडू शकते, म्हणून देखरेखीखाली उतरवत नेले.

गोळी त्याच दिवशी सुरू झाली. सुटलेल्या दोन महिन्यांचे काय, हे खालाजाननी विचारले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "गेले ते गेले, दुप्पट खाऊन भरून काढायचं नसतं. पुन्हा सोडावंसं वाटलं तर आधी मला फोन करा, भांडायचं तर माझ्याशी भांडा." क्षयाच्या औषधातले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरचे फेनिटॉइन या गोळीचा जोर कमी करतात, तेव्हा तसले काही चालू झाले तर सांगायचे, हेही त्यांनी बजावले.

उरला रमजानचा प्रश्न. आजाऱ्याला रोज्यातून सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. केमो चालू होती त्या वर्षी खालाजाननी रोजे ठेवले नव्हते आणि त्याचे त्यांना फार वाईट वाटले होते. ही गोळी दिवसातून एकदाच आणि जेवणानंतर घ्यायची असते, पोटात अन्न असले की ती रक्तात चांगली उतरते. डॉक्टरबाईंनी साखर पाहिली आणि सांगितले, "इफ्तारनंतर जेवण करा, मग गोळी. चक्कर आली, फार वाफा आल्या, तर रोजा सोडायचा. कबूल?" खालाजान म्हणाल्या, "कबूल." प्रत्येकीला हेच चालेल असे नाही, आपापल्या डॉक्टरांना शाबानमध्येच विचारून घ्यावे.

खर्चाबद्दल विचारणाऱ्या भगिनींसाठी: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयांत आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड व आधार घेऊन त्यांना भेटावे. गोळ्यांसाठी जनऔषधी केंद्रातही चौकशी करावी. आणि गाठ हाताला लागली असेल तर कोल्हापुरात सीपीआर आहे. स्त्री डॉक्टर हवी म्हणून सांगण्यात काहीच गैर नाही. खालाजानसारखे पाच महिने थांबू नका.

सत्तावीस रोजे झाले. तीन सुटले, एकदा चक्कर आली म्हणून आणि दोनदा नातवाने सहेरीला उठवलेच नाही म्हणून. नंतर खालाजान म्हणतात, त्याने मुद्दाम उठवले नाही. ईदनंतर दोघे रोज सकाळी रंकाळ्यावर चालायला जातात. पोरगा पुढे जातो, थांबतो, मागे येतो. गोळीचे पाकीट आता वरच्या फळीवर नाही, भाकरीच्या डब्याशेजारी आहे. दर गोळीला पोरगा कॅलेंडरवर एक फुली मारतो. मागच्या आठवड्यात आम्ही गेलो तेव्हा डेक्साचा अहवाल आला होता. हाडे थोडी उतरली आहेत, औषध वाढवले आहे, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.